फाइल कुणाची? संगणकाची की मेस्त्रींची? कोल्हापूरच्या सीएनसी शॉपमधला रोजचा पेच समजून घ्या

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या अलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. शहर ओलांडून पुढे गेलं की गोकुळ शिरगाव, आणि त्याही पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. फौंड्रीत ओतलेलं कास्टिंग इथल्या मशीन शॉपमध्ये येतं, सीएनसी मशीनवर चढतं आणि इंजिनाचा, पंपाचा किंवा ब्रेकचा सुटा भाग होऊन बाहेर पडतं.

टूल कुठे जाणार, किती वेगाने जाणार, कुठे थांबणार, हे त्या मशीनला सांगते एक साधी मजकुराची फाइल. ही फाइल बहुतेक वेळा संगणक तयार करतो. पण मशीनसमोर उभा असलेला ऑपरेटर किंवा अनुभवी मेस्त्री त्यात हाताने बदल करतो. ते बदल बरेचदा योग्यच असतात. मग एक दिवस संगणक तीच फाइल नव्याने तयार करतो आणि हाताने केलेलं सगळं पुसलं जातं.

जगभरच्या संगणक प्रणालींना हाच पेच गेली अनेक वर्षं छळतो आहे. फाइल हाताने लिहायची की आपोआप तयार होऊ द्यायची? दोन्ही करायचं असेल, तर एकाने दुसऱ्याचं काम पुसू नये म्हणून काय करायचं?

आधी हे समजून घेऊ: कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे काय?

तुमच्या फोनमधलं एखादं अ‍ॅप लाखो लोकांकडे सारखंच असतं. पण तुमच्याकडे ते मराठीत दिसतं, दुसऱ्याकडे इंग्रजीत. तुमच्याकडे नोटिफिकेशन बंद, दुसऱ्याकडे चालू. अ‍ॅप तेच, सेटिंग वेगळी. हे सेटिंग कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. मोठ्या संगणक प्रणालींमध्ये ते अनेकदा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात.

अशी फाइल दोन प्रकारे तयार होते.

एक, माणूस ती उघडतो, ओळी लिहितो आणि जतन करतो. यात माणसाला हवं ते करता येतं, पण टायपिंगची चूकही होऊ शकते.

दोन, दुसरा एखादा प्रोग्राम ती तयार करतो. माणूस फॉर्म भरतो, बटण दाबतो आणि फाइल बनते. यात वेळ वाचतो आणि शंभर फाइली एकसारख्या निघतात. पण त्या प्रोग्रामला जे ठाऊक नाही, ते फाइलमध्ये कधीच येत नाही.

सीएनसी मशीनचा प्रोग्राम काटेकोरपणे बोलायचं तर निव्वळ सेटिंगची फाइल नव्हे, ती क्रमाने पाळायच्या आज्ञांची यादी आहे. पण ‘हात की यंत्र’ हा प्रश्न तिच्याबाबतीत जितका उघड्या डोळ्यांनी दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसेल. कारण इथे चूक पडद्यावर न राहता लोखंडावर उमटते.

जी-कोड कसा तयार होतो?

या फाइलच्या भाषेला जी-कोड म्हणतात. ‘जी००’ म्हणजे टूल झटकन त्या जागी न्या. ‘जी०१’ म्हणजे ठरलेल्या वेगाने कापत सरळ जा. ‘एम०३’ म्हणजे स्पिंडल फिरवायला सुरुवात करा. ‘एम०८’ म्हणजे कूलंट सोडा. ‘एफ’पुढचा आकडा फीड सांगतो, म्हणजे टूल किती वेगाने पुढे सरकायचं ते. ‘एस’पुढचा आकडा स्पिंडलचा वेग सांगतो.

सोपा जॉब असेल तर अनुभवी माणूस असा प्रोग्राम हाताने लिहून काढतो. पण वळणावळणाचा आकार असेल तर प्रोग्रामच्या ओळी हजारोंच्या घरात जातात. तेव्हा कॅम सॉफ्टवेअर वापरतात. प्रोग्रामर संगणकावर जॉबचं त्रिमितीय मॉडेल उघडतो, कोणतं टूल कुठून फिरणार ते ठरवतो आणि सॉफ्टवेअर टूलचा मार्ग आखून देतं.

हा मार्ग मशीनला थेट समजत नाही. फॅनक, सीमेन्स अशा प्रत्येक कंट्रोलरची बोली थोडी वेगळी असते. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला पोस्ट प्रोसेसर म्हणतात. तो टूलच्या मार्गाचं त्या विशिष्ट मशीनच्या जी-कोडमध्ये रूपांतर करतो. मग ही फाइल पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा केबलवरून मशीनमध्ये जाते.

थोडक्यात, मॉडेल ही मूळ गोष्ट. जी-कोड ही तिच्यातून निघालेली प्रत. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मग मेस्त्रींना हात का लावावा लागतो?

कारण मॉडेलमधलं कास्टिंग आणि टेबलावरचं कास्टिंग एक नसतं.

मॉडेलमध्ये प्रत्येक नग अगदी सारखा असतो. प्रत्यक्षात कास्टिंगच्या पृष्ठभागाची साल कडक असते, तिच्यात वाळूचे कण अडकलेले असू शकतात. ओतताना कोअर किंचित सरकला असेल, तर एका बाजूला माल जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी राहतो. पातळ भाग लवकर थंड झाला, तर तिथलं बीड अतिशय कडक होतं. अशा जागी ठरलेल्या फीडने गेलं की इन्सर्टची धार उडते.

मशीनसमोरच्या माणसाला हे आवाजावरून कळतं. कापताना सूर बदलला, चिप्सचा रंग किंवा आकार बदलला, की त्याला अंदाज येतो. मग तो प्रोग्राम उघडतो आणि त्या ओळीतलं ‘एफ२००’ बदलून ‘एफ१५०’ करतो. एखाद्या खोल भोकात चिप्स साठत असतील, तर साफ करायला थांबता यावं म्हणून एक ‘एम०१’ घालतो. फिक्श्चरवरचा क्लॅम्प आड येत असेल, तर टूल थोडं अधिक वर उचलून नेतो.

यातली कोणतीही गोष्ट कार्यालयात बसलेल्या प्रोग्रामरच्या पडद्यावर दिसत नाही. म्हणजे हाताने केलेला हा बदल लुडबुड नव्हे. ती शॉपमध्ये मिळालेली माहिती आहे, फक्त ती चुकीच्या जागी लिहिली गेली आहे.

गडबड नेमकी कुठे होते?

समजा, ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये बदल केला. एक भोक दोन मिलिमीटर बाजूला घ्यायचं आहे. प्रोग्रामर मॉडेल दुरुस्त करतो, बटण दाबतो आणि नवा जी-कोड मशीनवर पाठवतो. भोक बरोबर जागी गेलं. पण जुन्या फाइलमध्ये मेस्त्रींनी कमी केलेला फीड पुन्हा २०० झाला. चिप्ससाठीचा थांबा गेला. आणि क्लॅम्पवरून वर उचलून नेलेलं टूल आता पुन्हा जुन्याच उंचीवरून, थेट क्लॅम्पच्या दिशेने जातं.

रात्रपाळीला दुसरा ऑपरेटर असेल, तर त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. सुदैव असेल तर एखादा इन्सर्ट तुटतो. नसेल तर टूल, फिक्श्चर आणि स्पिंडल, तिन्ही एकदम. स्पिंडल दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद, डिलिव्हरी लांबलेली आणि समोर उभ्या माणसालाही धोका.

याच्या उलटंही घडतं. नवी फाइल काढली की जुने बदल जातील, या भीतीने कुणी नवी फाइल काढतच नाही. मूळ मॉडेल जुनंच राहतं आणि सगळी दुरुस्ती मशीनवरच्या प्रतीत होत जाते. काही महिन्यांनी तो जॉब दुसऱ्या मशीनवर हलवायचा ठरलं, की लक्षात येतं, खरा प्रोग्राम फक्त एकाच मशीनच्या मेमरीत आहे. पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरं’ अशा तीन फाइली आहेत, पण त्यातली कोणती चालते ते फक्त मेस्त्रींना ठाऊक आहे. आणि मेस्त्री पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत.

दोन्ही प्रसंगांत नुकसान आकड्याचं दिसतं. खरं तर हरवतं ते कारण. २०० चे १५० का केले, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हा पेच आला कुठून?

आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये दाखवलं गेलं. त्याला आज्ञा मिळत त्या छिद्रं पाडलेल्या पट्टीवरून. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘एपीटी’ ही भाषा आली. माणसाने आकाराचं वर्णन लिहायचं आणि टूलचा मार्ग संगणकाने काढायचा, ही वाटणी तेव्हा सुरू झाली.

त्या काळात मशीनसमोरच्या माणसाला पट्टीत बदल करणं सोपं नव्हतं. एक आकडा बदलायचा तरी पट्टीवर नव्याने छिद्रं पाडावी लागत. १९७० च्या दशकात मशीनच्या कंट्रोलमध्येच संगणक आला, प्रोग्राम मेमरीत राहू लागला आणि पॅनेलवरूनच तो बदलता येऊ लागला. ऑपरेटरचा हात प्रोग्रामपर्यंत पोचला तो असा. सोय मोठी झाली, पण त्याचबरोबर एकाच फाइलचे दोन लेखक झाले.

हात चुकला तर काय होतं? गूगलचं उदाहरण

हाताने केलेला बदल किती दूर जाऊ शकतो, हे ३१ जानेवारी २००९ रोजी जगाने पाहिलं. भारतात तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. आठच्या सुमारास गूगलवर काहीही शोधलं, तरी प्रत्येक निकालाखाली एकच इशारा दिसू लागला: ही साइट तुमच्या संगणकाला अपाय करू शकते.

गूगल धोकादायक साइटची एक यादी ठेवत असे. ती काही प्रमाणात हाताने आणि काही प्रमाणात आपोआप तयार होई. त्या दिवशीच्या नव्या यादीत चुकून नुसती एक तिरकी रेघ घातली गेली. पत्त्यांच्या हिशेबात त्या एका चिन्हाचा अर्थ झाला ‘सगळ्या साइट’. तासाभराच्या आत चूक दुरुस्त झाली. ही माणसाची चूक होती, असं गूगलने जाहीरपणे सांगितलं.

सीएनसीवरही अशा एका चिन्हाची दहशत असते: दशांश टिंब. काही मशीनवर ‘एक्स५०.’ लिहिलं तर ५० मिलिमीटर, आणि शेवटचं टिंब विसरलं तर ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढं अंतर. हाताने लिहिणाऱ्याच्या पोटात या टिंबामुळे गोळा येतो. संगणक ते टिंब विसरत नाही.

आणि यंत्र चुकलं तर? क्राउडस्ट्राइकचं उदाहरण

तर मग सगळं आपोआपच होऊ द्यावं का? १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. विंडोज संगणकांचे पडदे निळे पडले होते आणि भारतातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले होते. त्यांचे फोटो सोशल मीडियावर भरपूर फिरले.

कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपोआप पाठवलेली एक कॉन्फिगरेशन फाइल. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती बाहेर पडली. फाइलमधला नवा नियम २१ गोष्टी मागत होता, आणि ती वाचणारा प्रोग्राम २० च पुरवत होता. विसाव्या गोष्टीपुढे तो नसलेल्या जागी वाचायला गेला आणि संगणक कोसळला. फाइल पाठवण्याआधी तिची तपासणीही आपोआप झाली होती. पण त्या तपासणीच्या प्रोग्राममध्येच दोष होता, त्यामुळे फाइल पास झाली.

कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. आपोआप आलेली ती फाइल काढायला मात्र बऱ्याच ठिकाणी माणसांना एकेका संगणकासमोर बसावं लागलं. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, फाइल शोधायची आणि हाताने पुसायची.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. हाताची चूक आणि यंत्राची चूक यांत चांगली-वाईट असं काही नसतं. हात कुठेही घसरू शकतो. यंत्र एकदाच चुकतं, पण ती चूक एकाच वेळी सगळीकडे करतं. म्हणून ‘हात की यंत्र’ यापेक्षा ‘कुणी कुठे लिहायचं’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

संगणकवाल्यांनी यावर काय तोडगे काढले?

सर्वांत साधा तोडगा म्हणजे पाटी लावणं. लिनक्स संगणक सुरू होताना ‘ग्रब’ नावाचा प्रोग्राम आधी चालतो. त्याची फाइल उघडली की वरच लिहिलेलं असतं: ही फाइल बदलू नका, ती आपोआप तयार होते. पण पाटी तिथेच थांबत नाही. ही फाइल कोणत्या साच्यांवरून आणि कोणत्या सेटिंगवरून तयार होते, त्यांच्या जागाही ती सांगते. हाताने बदल करायचे असतील तर सेटिंगची वेगळी छोटी फाइल आहे. स्वतःच्या ओळी घालायच्या असतील तर त्यासाठी आणखी एक राखीव फाइल आहे. मुख्य फाइल कितीही वेळा नव्याने तयार झाली, तरी या दोन्ही जागांमधलं लिखाण तिच्यात पुन्हा येतं.

दुसरा तोडगा डेबियनचा. डेबियन ही १९९३ मध्ये सुरू झालेली लिनक्स प्रणाली. तिच्यावर एखादं सॉफ्टवेअर अपडेट होतं, तेव्हा त्याची कॉन्फिगरेशन फाइलही नवी येऊ शकते. मग जुन्या फाइलचं काय करायचं? डेबियन तीन गोष्टींचा मेळ घालतं: पूर्वी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडून आलेली फाइल, आता संगणकावर असलेली फाइल आणि नव्याने आलेली फाइल.

- माणसाने काहीच बदललं नसेल, तर नवी फाइल गुपचूप बसते.
- माणसाने बदल केला आहे, पण सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी काही बदललं नसेल, तर माणसाची फाइल तशीच राहते.
- दोघांनीही बदल केला असेल, तर प्रणाली थांबते आणि विचारते. दोन्हींतला फरक बघायचा पर्याय देते. उत्तर न देता पुढे गेलं, तर माणसाची फाइल राखली जाते.

यातलं शहाणपण शेवटच्या ओळीत आहे. दोघांचं एकमेकांशी जुळत नसेल, तर यंत्र स्वतःहून माणसाचं लिखाण पुसत नाही.

हेच सीएनसी शॉपमध्ये कसं करायचं?

गंमत म्हणजे यासाठी लागणाऱ्या बहुतेक सोयी कंट्रोलरमध्ये आधीपासूनच असतात. प्रश्न असतो तो कोणता बदल कुठे लिहायचा, हे ठरवण्याचा.

माप सरकलं असेल तर: इन्सर्ट झिजल्यामुळे माप दोन शतांशाने वाढलं, तर प्रोग्रामला हात लावायची गरज नाही. त्यासाठी वेअर ऑफसेटचं पान आहे. तिथे दुरुस्ती टाकली की प्रोग्राम तोच राहतो आणि माप जागेवर येतं. इन्सर्ट बदलला की ती दुरुस्ती परत काढून घ्यायची.

जॉब पकडण्याची जागा बदलली असेल तर: त्यासाठी वर्क ऑफसेट आहेत, ‘जी५४’ ते ‘जी५९’. शून्य कुठे धरायचं ते मशीनवर ठरतं, प्रोग्राममध्ये नव्हे.

थोडा वेळच वेग कमी करायचा असेल तर: पॅनेलवर फीड ओव्हरराइडची चकती असते. ती फिरवली की वेग बदलतो, फाइल बदलत नाही.

एखाद्या जॉबला कायमच वेगळा फीड लागत असेल तर: फॅनकसारख्या कंट्रोलरवर, मॅक्रोची सोय असेल तर, फीडच्या जागी थेट आकड्याऐवजी व्हेरिएबल लिहिता येतं. ५०० क्रमांकापासूनचे व्हेरिएबल मशीन बंद केल्यावरही टिकतात. प्रोग्राम नव्याने आला तरी तो फीड त्याच जागेवरून उचलतो. यासाठी पोस्ट प्रोसेसर मात्र तसा बसवून घ्यावा लागतो. आणि एकच व्हेरिएबल दोन जॉबसाठी वापरायचं नाही, नाहीतर एका जॉबचा आकडा दुसऱ्याला लागतो.

चिप्स साफ करणं, टूल सुरक्षित उंचीवर नेणं असे शॉपचे ठरलेले रिवाज: ते वेगळ्या सबप्रोग्राममध्ये ठेवता येतात. मुख्य प्रोग्राम ‘एम९८’ने त्याला हाक मारतो. फॅनकवर ९००० क्रमांकापासूनचे प्रोग्राम कुलूपबंद करायची सोय असते, त्यामुळे ते चुकून बदलले जात नाहीत.

क्लॅम्प आड येत असेल तर: हा बदल मूळ मॉडेलकडेच परत गेला पाहिजे. फिक्श्चर आणि क्लॅम्प मॉडेलमध्ये दाखवले, तर पुढचा प्रत्येक प्रोग्राम त्यांना वळसा घालून जाईल.

आणि एक महत्त्वाची खूण. तीच दुरुस्ती प्रत्येक नव्या प्रोग्राममध्ये हाताने करावी लागत असेल, तर दोष प्रोग्रामचा नाही, पोस्ट प्रोसेसरचा आहे. दुभाषा रोज तोच शब्द चुकवत असेल, तर रोज भाषण सुधारण्यापेक्षा त्यालाच एकदा तो शब्द शिकवलेला बरा.

लहान शॉपला झेपेल अशी शिस्त

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. चार-पाच मशीनच्या शॉपलाही पुढच्या गोष्टी करता येतात.

१. नवी फाइल पाठवण्याआधी जुनी परत मागवा. मशीनवरचा प्रोग्राम संगणकावर घ्या आणि शेवटचा पाठवलेला प्रोग्राम त्याच्याशेजारी ठेवा. दोन मजकुरांतला फरक रंगवून दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. जिथे फरक दिसेल, तिथे मेस्त्रींना विचारा. डेबियन जे करतं, तेच हे.

२. बदलाशेजारी कारण लिहा. जी-कोडमध्ये कंसात लिहिलेला मजकूर मशीन वाचत नाही. ‘साल कडक, फीड कमी’ एवढं रोमन अक्षरांत लिहिलं तरी पुरतं. पाठोपाठ तारीखही टाका.

३. मूळ कोणतं ते एकदाच ठरवा. एखादा जॉब कॅमवर चालणार की हाताने लिहिलेल्या प्रोग्रामवर, हे सेटअप शीटवर लिहून ठेवा. साध्या जॉबला हाताने लिहिलेला प्रोग्राम कायम ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

४. नवा प्रोग्राम पहिल्यांदा सावकाश चालवा. सिंगल ब्लॉकवर, फीड कमी करून, हात फीड होल्डच्या बटणाजवळ ठेवून. संगणकातून आलेली फाइलही याला अपवाद नाही. एकदम सगळ्या मशीनवर न पाठवता आधी एकावर चालवून बघा. जुलै २०२४ नंतर क्राउडस्ट्राइकनेही टप्प्याटप्प्याने फाइल पाठवायचं ठरवलं.

५. चावी कुणाकडे ते ठरवा. बऱ्याच पॅनेलवर प्रोग्राम लॉक करायची चावी असते. ती कायम लावलेलीच राहिली तर तिचा उपयोग नाही. पण ती काढून कपाटात ठेवली आणि रात्रपाळीला विचारायला कुणीच नसलं, तर लोक दुसरी वाट काढतात. बदल करायचा अधिकार कुणाला आणि तो कळवायचा कुणाला, दोन्ही ठरलं पाहिजे.

६. पॅरामीटरचा बॅकअप घ्या. मशीनची स्वतःची सेटिंग, ऑफसेट आणि व्हेरिएबल अनेक कंट्रोलमध्ये बॅटरीवर टिकून असतात. बॅटरी संपली की ती पुसली जाऊ शकतात. बॅटरी कमी असल्याची सूचना आली की, मशीनच्या पुस्तिकेनुसार, वीज चालू ठेवूनच ती बदलतात. त्याआधीचा बॅकअप मशीनपासून दूर, दुसऱ्या जागी असलेला बरा.

अनुभव फाइलमध्ये बसतो का?

पूर्ण बसत नाही. आवाजावरून टूल ओळखणाऱ्या माणसाचा कान कोणत्याही फाइलमध्ये लिहिता येत नाही. पण त्या कानामुळे झालेला निर्णय लिहिता येतो, आणि तो कशामुळे झाला तेही. तेवढं जरी मूळ मॉडेलपर्यंत पोचलं, तरी पुढच्या वेळी संगणक आधीच शहाणा होऊन येतो आणि मेस्त्रींचा वेळ नव्या अडचणीसाठी मोकळा राहतो. मात्र त्यासाठी प्रोग्रामरने दिवसातून एकदा तरी शॉपमध्ये उतरायला हवं, आणि ‘माझ्या प्रोग्रामला हात लावला कुणी’ याऐवजी ‘कशासाठी लावला’ असं विचारायला हवं.

आता तर जी-कोडपासून वेबसाइटच्या सेटिंगपर्यंत बरंच काही एआयकडून लिहून घेतलं जातं आहे. यंत्राने लिहिलेल्या ओळी वाढत जाणार आणि त्यातल्या चुका वरवर बघून ओळखणंही अवघड होणार. त्या तपासायला, दुरुस्त करायला आणि दुरुस्ती टिकवायला माणूस लागणारच आहे. म्हणून पुढच्या वेळी ‘ही फाइल हाताने बदलू नका’ अशी पाटी दिसली, मग ती मशीनच्या पडद्यावर असो वा तुमच्या लॅपटॉपवर, की लगेच पुढचा प्रश्न विचारा: मग बदल करायची जागा कोणती? ती जागा कुणीच सांगू शकत नसेल, तर ती पाटी अर्धवट आहे.